आप्त आणि इष्ट

माझ्या संगणकाला मराठी येत नाही, पण त्याच्यावरचे संस्कार मात्र अस्सल मराठी घरातले आहेत. त्याच्याकडे एक वस्तू मागितली तर तो ती कधीही एकटी आणत नाही. 'सहकुटुंब सहपरिवार' आणतो. फरक एवढाच, की आणण्याआधी तो पाहुण्यांची यादी वाचून दाखवतो, मंडळी किती, सामान किती, उतरायला जागा किती लागेल याचा हिशेब सांगतो, आणि मग नम्रपणे विचारतो, "पुढे जाऊ ना?" आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या एकाही पाहुण्याने आजवर एवढी सभ्यता दाखवलेली नाही. आमच्याकडे माणसं रिक्षातून उतरायला लागली की मग मोजतात.

हा संगणक मूळचा माझ्या भाच्याचा. त्याने नवा घेतला तेव्हा जुना मला दिला. (निवृत्त मामाला जुन्या वस्तू द्याव्यात, असं हल्ली शास्त्रच झालं आहे.) बटण दाबून, चहा करून, पेपरातलं शब्दकोडं निम्मं सोडवून परत यावं, तेव्हा कुठे त्याला जाग यायची. एका रविवारी भाचा म्हणाला, "मामा, याच्यावर लिनक्स टाकून देतो. पळायला लागेल." टाकलं. पळायला लागला असं नाही म्हणता येणार, पण या वयात चालता झाला हेही पुष्कळ. या लिनक्सचं कुळ डेबियन. त्यात चित्रंबित्रं आहेत, त्यांच्यावर टिचक्या मारून कामंही होतात. पण खरा कारभार चालतो तो एका काळ्या चौकटीत. तिथे हुकूम टाइप करायचा. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', आणि पुढे हव्या त्या वस्तूचं नाव. बस्स.

'सुडो' हा शब्द ऐकून कुणाला तोतयाची आठवण होईल, पण तसं नाही. ते 'सुपरयूजर डू' याचं लघुरूप. म्हणजे 'घरच्या कर्त्याच्या अधिकाराने कर'. हा अधिकार गाजवण्यापूर्वी पासवर्ड विचारतात, आणि तो टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. अक्षर नाही, चांदणी नाही, साधा ठिपका नाही. घरातला कर्ता पुरुष बोलत असतो आणि कुठेच काही उमटत नाही, ही अवस्था ज्याने कोणी संगणकात आणली तो गृहस्थ विवाहित असणार.

आता 'ॲप्ट'. 'ॲडव्हान्स्ड पॅकेज टूल' या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. परंतु देवनागरीत वाचण्याची सवय झालेल्या माझ्या डोळ्यांना तिथे पहिल्या दिवसापासून 'आप्त' हाच शब्द दिसतो. आणि खरं सांगतो, इतकं समर्पक नाव मुद्दाम शोधूनही सापडलं नसतं. कारण या ॲप्टचं सगळं काम आप्तांचंच आहे. कुठल्याही पॅकेजला दुसरी कुठली तरी पॅकेजेस लागतात, त्यांना तिसरी लागतात, तिसऱ्यांना चौथी. ही सगळी सोयरीक या ॲप्टला तोंडपाठ असते. पूर्वी प्रत्येक घराण्यात एक आत्याबाई अशा असत, त्यांना कोण कुणाच्या नणंदेच्या जावेचा भाऊ हे झोपेतून उठवलं तरी सांगता येई. त्या गेल्या. ॲप्ट आला.

डेबियन सुरू केलं इयान मर्डॉक या अमेरिकन तरुणाने, १९९३ साली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीच्या नावाचा आरंभ आणि आपलं स्वतःचं नाव जोडून त्याने 'डेबियन' हे नाव तयार केलं. सुरुवातीच्या काळात तिथे नुसता 'डीपॅकेज' नावाचा कारकून होता. तो प्रामाणिक, पण खिडकीवरचा. "याला अमुक पॅकेज लागतं, ते नाही, सबब काम होणार नाही," एवढं सांगून गप्प. ते अमुक पॅकेज शोधून आणावं, तर त्याला तमुक लागे. मार्च १९९९ मध्ये डेबियनची २.१ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ॲप्ट आला. तो 'कागद आणा' म्हणत नाही, स्वतः जाऊन कागद आणतो. कचेरीत असा माणूस भेटला तर आपण त्याच्या पाया पडू. संगणकात भेटला तर कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "एवढा वेळ का लागतोय?"

नात्यांचे प्रकारही त्याच्याकडे व्यवस्थित लावलेले आहेत. 'डिपेंड्स' म्हणजे ज्याच्यावाचून चालणारच नाही तो. 'रेकमेंड्स' म्हणजे शिफारस. आणि शिफारस घेऊन आलेल्याला आपल्याकडे जसं आत घेतात तसंच तिथेही सहसा घेतात. 'सजेस्ट्स' म्हणजे "या एकदा सवडीने चहाला." यादीत नाव छापतात, बोलावत मात्र नाहीत. मग 'कॉन्फ्लिक्ट्स', म्हणजे हे दोघे एका मांडवात नकोत. प्रत्येक लग्नात अशी एक जोडी असतेच; फक्त आपण ती आधी लिहून ठेवत नाही, जेवणाच्या पंगतीत कळते.

मला हवी होती देवनागरीची चार वेगवेगळी वळणं, म्हणजे फॉन्ट. त्यासाठी जे पॅकेज मागायचं त्याचं नाव 'फॉन्ट्स-देवा'. देवनागरीतला 'देव' तो. पण देवाला हाक मारल्याशिवाय मराठी अक्षर उमटत नाही याचं मला बरं वाटलं. हे पॅकेज उघडून बघितलं तर आत काही नाही! या जातीला मेटा-पॅकेज म्हणतात. स्वतः रिकामं, फक्त इतरांना बोलावणं धाडणारं. सार्वजनिक मंडळाच्या अध्यक्षाची याहून नेमकी व्याख्या माझ्या वाचनात नाही. त्याने बोलावलेल्यांत कोण होते? लोहित, गार्गी, नकुल आणि सहदेव. थट्टा नव्हे, खरीच नावं आहेत ती. नकुल आणि सहदेव हे दोन फॉन्ट केंब्रिजच्या जॉन स्मिथ या महाभारताच्या अभ्यासकासाठी तयार झाले. आमच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीची संगणकीय संहिता सांभाळणारे तेच हे स्मिथ. साहेबाने पाच पांडवांतून नेमके हे दोघे का उचलले असतील, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. आपण पांडव मोजताना यांच्यापाशी आलो की आवाज खाली येतो. धर्म, भीम, अर्जुन असे तिघे खणखणीत, आणि पुढे 'नकुलसहदेव' एका श्वासात, वजनात काटा मारल्यासारखे.

मी 'होय' म्हटलं. मंडळी आली. आणि बसल्या बसल्या मी विचार करू लागलो, की ही आलेली मंडळी नक्की कोण?

हा प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नाही. प्रत्येक पॅकेजच्या मागे कुणाची तरी रात्र गेलेली असते. 'ॲप्ट शो' असा हुकूम दिला की त्याचा सांभाळ करणाऱ्याचं नाव दिसतं. कुठे माणसाचं, कुठे मंडळाचं. यातले पुष्कळ लोक पगार घेत नाहीत. दिवसा कुठे तरी नोकरी करतात आणि रात्री आपल्यासाठी ही धुणीभांडी करतात. एखाद्याला झेपेनासं झालं आणि त्याने हात टेकले, तर त्याच्या पॅकेजला डेबियनच्या दप्तरात 'ऑर्फन्ड' म्हणतात. अनाथ! अशा अनाथांची यादी जाहीर होते, आणि कुणाला दया आलीच तर त्याने 'दत्तक घेण्याचा मानस' रीतसर कळवायचा असतो. संगणकवाल्यांना भावना नसतात असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

आपण मात्र वरच्या वस्तूचं नाव घेतो, खालच्यांचं नाही. २०१६ च्या मार्चमध्ये याची मोठी गंमत झाली. ॲप्टसारखंच 'एनपीएम' नावाचं एक प्रकरण आहे, जावास्क्रिप्टवाल्यांचं. तिथे अझेर कोचुलू या कार्यकर्त्याने आपली अडीचशेच्या वर पॅकेजेस ठेवली होती, फुकट. त्यातल्या एकाच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला, चालकांनी ते नाव कंपनीला देऊन टाकलं, आणि हा माणूस रागावून आपली सगळीच भांडी घेऊन निघून गेला. त्या भांड्यांत 'लेफ्टपॅड' नावाचं एक होतं. अकरा ओळींचं. काम काय, तर मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा सोडणे. वहीत समास आखतात तेवढंच म्हणा ना! पण तो समास नाहीसा होताच जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम बांधले जाता जाता मध्येच अडकले. शेवटी चालकांनी ते अकरा ओळींचं बोचकं साधारण दोन तासांत परत आणून ठेवलं. लग्नघरात सगळे व्याह्यांच्या रुसण्याकडे लक्ष ठेवून असतात, आणि रुसून जातो तो पाणी भरणारा.

ही गंमत झाली. दुसरी गोष्ट तेवढी गमतीची नाही. 'एक्सझेड' नावाचं मजकूर दाबून लहान करणारं एक पॅकेज आहे; लिनक्सच्या बहुतेक घरांत ते माजघरात कुठे तरी असतंच. लासे कोलिन नावाचे एक गृहस्थ ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२२ साली लोक त्यांना टोचू लागले, नवी आवृत्ती कधी, इतका उशीर का, होत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्या गृहस्थांनी जाहीरपणे लिहिलं, की आपल्याला बरेच दिवस मानसिक त्रास आहे, आणि हे काम बिनपगारी, हौसेचं आहे. त्या सुमारास जिया तान असं नाव सांगणारी एक व्यक्ती मदतीला होतीच. कष्टाळू, नम्र, वेळेवर काम देणारी. तिने हळूहळू विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या, आणि २०२४ च्या आरंभी त्या पॅकेजमध्ये एक चोरदरवाजा बसवला. तो घरोघर पसरायच्या आतच उघडकीला आला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून! (फ्रॉइंड म्हणजे जर्मन भाषेत मित्र.) अर्ध्या सेकंदाचं ज्याला वाईट वाटतं, असा माणूस आपल्याकडे लोकलला लटकणाऱ्यांतच सापडेल.

या हकिकतीतून लोक कुलपांबद्दलचे धडे घेतात. घ्यावेत. मला मात्र वेगळंच खुपतं. एवढं जग त्या माणसाच्या खांद्यावर बसलेलं, आणि 'बाबा, थकलास का रे' म्हणून त्याच्या हातातलं ओझं घ्यायला जो धावला, तो घर फोडायला आलेला होता. आपण सज्जन लोक आवृत्ती कधी येणार ते विचारत होतो.

आपल्या शास्त्रकारांनी माणूस जन्मतःच कर्जबाजारी ठरवला आहे. देवांचं ऋण, ऋषींचं ऋण, पितरांचं ऋण. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, माणसांचं. ते कसं फेडायचं? तर दारी आलेल्याला थारा आणि अन्न देऊन. ज्याने आपल्याला दिलं त्यालाच परत द्या असं नाही. ते शक्यच नाही. देणारे कोण, किती, कुठले, याचा पत्ता नसतो. मला हा हिशेब फार पटतो, विशेषतः पाहुणा मी असतो तेव्हा.

पण ॲप्टचा खरा तत्त्वज्ञानी हुकूम पुढे आहे. एखादं पॅकेज काढून टाकलं, की थोड्या वेळाने तो एक निवेदन छापतो. त्याचा मराठी मतलब असा: 'खालील पॅकेजेस आपोआप आली होती आणि आता त्यांची गरज उरलेली नाही.' खाली नावं. आणि सल्ला, की 'ऑटोरिमूव्ह' असा हुकूम दिलात तर ही सगळी निघून जातील. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक खूण असते: 'मॅन्युअल' की 'ऑटो'. म्हणजे हा मालकाने स्वतः नाव घेऊन मागितलेला, की कुणाच्या तरी पाठोपाठ आलेला. आपण 'आप्तेष्ट' हा शब्द पत्रिकेत घाईघाईने एकत्र छापतो. ॲप्टने त्याचा विग्रह करून दाखवला आहे. आप्त वेगळे, इष्ट वेगळे. ज्याच्यामुळे आप्त आला तो गेला, की आप्ताचं नाव त्या यादीत.

ही यादी पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मला मावशीआजी आठवली.

मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. बालविधवा. आजीच्या पाठोपाठ एक पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या वाड्यात आली, ती राहिलीच. कुणी 'ये' म्हटलं नव्हतं, कुणी 'जा'ही म्हटलं नाही. १९६८ साली आजी गेली. पुढे वाडा सोडून आम्ही दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये जायचं ठरलं. साल १९७२. दुष्काळ, रेशनवर तांबडा मिलो, खाणारी तोंडं मोजून घेण्याचे दिवस. आमचे एक चुलतकाका हिशेबनीस होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यात खतावणी होती. ते आईला म्हणाले, "वहिनी, अक्का होती तोवर ठीक होतं. आता हिचं इथं काय? हिच्या पुतण्यांना कळवावं."

तर्क म्हणून बघाल तर काकांचं चुकत नव्हतं. ॲप्टही तेच म्हणाला असता.

आईने वाद घातला नाही. नवीन पत्त्याचं रेशनकार्ड करायला ती गेली तेव्हा पिशव्या धरायला मी बरोबर होतो. खिडकीवरचा कारकून नावं उतरवत होता. नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं. कुटुंबप्रमुख माझे वडील. मावशीआजीच्या नावापाशी आई म्हणाली, "लिहा, आई."

कारकुनाने जुनं कार्ड पाहिलं. "यात मावशी आहे."

"मावशीच होत्या. आता आई आहेत."

कारकुनाने आईकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं, आणि लिहिलं. आईने सरकारला आयुष्यात दिलेली ही एकमेव खोटी माहिती. घरी आल्यावर मावशीआजीने चष्मा लावून ते कार्ड वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि त्या रात्री जेवताना ती आईला म्हणाली, "आमटीत मीठ जरा कमी आहे हो आज." तेवढ्या वर्षांत तिने आमच्या घरच्या अन्नाला नाव ठेवल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

ती १९८१ साली गेली. नंतर घरात तिच्या आठवणी निघत तेव्हा सगळे म्हणत, ती गोधड्या किती सुरेख शिवायची, लसूण काय भराभर सोलायची, मुलं सांभाळायची. सगळं खरं. पण ही प्रशंसा ऐकताना मला नेहमी वकिलाचं भाषण ऐकतोय असं वाटायचं. जणू तिच्या राहण्याचं भाडं तिने कसं चुकतं केलं याच्या पावत्या आम्ही काकांना दाखवत होतो. कामाला येते म्हणून ठेवली, असं एकदा म्हटलं, की हात थांबले त्या दिवशी यादीत नाव आलंच. शेवटची तीन वर्षं तिला दिसत नव्हतं. लसूण तर सोडाच, तिचंच सगळं करावं लागे. आईने त्या पावत्या कधीच काढल्या नाहीत.

ॲप्टवर माझा राग नाही. तो बिचारा यादी छापतो, नावं वाचून दाखवतो, आणि काढण्यापूर्वी विचारतो तरी. आपण यादी न छापताच हुकूम देऊन मोकळे होतो. आणि त्याच्याजवळ उपायही आहे. 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' असं म्हणून पुढे नाव टाकायचं. एवढ्याने आप्ताचा इष्ट होतो, आणि मग तो कुणामुळे आला होता हे कुणी विचारत नाही. रेशनच्या खिडकीवर आईने केलं ते हेच.

वनपर्वात यक्षाची गोष्ट आहे. तळ्याकाठी चौघे भाऊ मरून पडलेले. यक्ष प्रसन्न होऊन धर्मराजाला म्हणतो, यांतला एक जिवंत करून देतो, सांग कोण? पुढे युद्ध दिसत असताना अर्जुनाचं नाव घ्यावं, भीमाचं घ्यावं. धर्म म्हणतो, नकुल. यक्षसुद्धा चकित होतो. ज्यांच्या बळावर तुम्ही सगळे अवलंबून ते दोघे सोडून सावत्र भाऊ मागतोस? धर्माचं उत्तर साधं आहे. कुंतीचा एक मुलगा मी आहे, माद्रीचाही एक असू दे. उपयोगाचा हिशेब त्याला येत नव्हता असं नाही. पटावर बसला की येत नसे, ते वेगळं.

गेल्या महिन्यात भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, डिस्क भरलीय, फालतू असेल ते काढा." मी पहिल्यांदा तो रिकामा अध्यक्ष काढला, 'फॉन्ट्स-देवा'. लगेच निवेदन आलं, आपोआप आलेल्यांची आता गरज नाही. यादीत नकुल आणि सहदेव शेजारी शेजारी उभे, नेहमीसारखे एका श्वासात. मी दोघांचीही नावं वेगवेगळी टाइप करून 'मॅन्युअल' केली.

रविवारी भाचा आला, त्याने यंत्र तपासलं.

"मामा, हा सहदेव तुम्ही वापरता कुठे?"

"नाही वापरत."

"मग कशाला ठेवलाय?"

"सहदेवाला सगळं आधीच ठाऊक असतं," मी म्हटलं, "पण कुणी विचारल्याशिवाय तो बोलत नाही. मी अजून विचारलेलं नाही."